पाय धुतल्याशिवाय गवतावर येऊ नये

आधीच सांगून टाकतो, प्लास्टिकच्या गवतावर माझं प्रेम नाही. जे उगवत नाही, वाळत नाही आणि जनावराच्या पोटात जाऊ नये म्हणून ज्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं, त्याला गवत म्हणणं ही जनतेची शुद्ध फसवणूक आहे. मी तसं पत्रकच काढलं असतं. पण माझं पोट त्याच गवतावर चालतं, म्हणून इथे फक्त निषेध नोंदवतो आणि पुढे जातो.

मी उदगीरचा. लातूरपासून वेगळं होऊन आमच्या भागाचा नवा जिल्हा व्हावा ही आमची जुनी मागणी. कॉलेजात असल्यापासून मी या मागणीची पत्रकं लिहितो, भिंती रंगवतो, पोस्टरं चिकटवतो. खलीलभाईंनी मला कामावर घेतलं तेही त्या चिकटवण्याकडे बघूनच. खलीलभाई पूर्वी हैदराबादेत गालिचे अंथरायचे, दुष्काळात गावी परतून प्लास्टिकच्या गवताच्या दुरुस्तीत पडले. मला म्हणाले, "तुमचं पोस्टर स्टँडच्या भितीवरून नगरपालिकेच्या माणसाला खरडून निघंना. तो थकून खाली बसला, पोस्टर भितीवरच. असाच आदमी पायजे मला."

अशा रीतीने एका चळवळीतल्या कार्यकर्त्याला रोजगार मिळाला. शासनाने याची नोंद घेतली नाही.

अडचण एवढीच होती की आमची सगळी गिऱ्हाइकं लातूरला आणि नांदेडला. ज्या जिल्ह्यातून फुटून निघायचं म्हणून घोषणा द्यायच्या, त्याच जिल्ह्यातल्या बंगल्यांच्या अंगणात गुडघे टेकून बसायचं. यावर लातूरकरांनी मला काय काय ऐकवलं ते सगळं छापण्याजोगं नाही.

आता धंदा समजून घ्या. दुष्काळात लोकांच्या अंगणातली खरी हिरवळ मेली. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेने यायला लागलं, तिथे हिरवळीला कोण पाणी घालणार? मग ज्यांना हिरव्याची सवय होती त्यांनी प्लास्टिक अंथरलं. लावणारे कारागीर बाहेरून आले, चकाचक काम करून गेले. ते ज्या मातीवर अंथरतायत तिचा स्वभाव त्यांना कुणी सांगितला नाही.

आमची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि फाटते. निलंग्याच्या एका गुरुजींची चप्पल भेगेत गेली ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत वर आली नाही. पाणी मिळालं की हीच माती फुगते, आणि फुगताना वर फरशी आहे, कोबा आहे की पाहुण्यांची खुर्ची, हे बघत नाही. अशा मातीवर नुसता कोबा ओतला तर कोबा तडकतो. नुसतं गवत अंथरलं तर एका जागी खड्डा, एका जागी टेंगूळ, आणि मधला सांधा उसवलेला. खरी रीत अशी, की आधी काळी माती हातभर काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मसाने ठोकून घट्ट करायचा, वर खडी आणि दगडाची चुरी पसरायची. मग गवताचे पट्टे शेजारी शेजारी ठेवायचे, पण सगळ्यांची लव, म्हणजे पात्यांचा कल, एकाच दिशेला पाहिजे. एका पट्ट्याची लव उलटी लागली की अंगणात मधोमध हद्द आखल्यासारखी दिसते. सांध्याखाली पट्टी, पट्टीवर गोंद, वर वजन. शेवटी बारीक वाळू टाकून ब्रशने लव उभी करायची. एवढं केलं तर गवत बसतं. एवढं कुणीच करत नाही, म्हणून आमचं घर चालतं.

गिऱ्हाइकंही एकेक. अर्धापूरच्या एका केळीवाल्या बागायतदाराने शेतातल्या बंगल्यापुढे प्लास्टिकचं गवत लावलं. सभोवती नजर जाईल तिथवर खरी हिरवी केळी, मधे हे. त्यांच्या वासराने एका कोपऱ्यात ते चावून काढलं. मला फोन आला, "हे वारंटीत बसतंय का हो?" मी म्हणालो, आधी वासराला डॉक्टरकडे न्या. ते म्हणाले, "वासरू ठीक हाय. थुंकलं त्यानं. त्याला कळलं, आमाला न्हाई कळलं." हा माणूस मला फार आवडला. त्यांचा कोपरा आम्ही नीट करून दिला आणि वासराच्या दाव्याची लांबी कमी करून आलो.

पण सांगायचंय ते लातूरच्या आप्पांच्या अंगणाबद्दल.

आप्पा म्हणजे धान्याच्या अडतीचे मोठे व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आवाज बाजारात कमावलेला. त्यांच्या पत्नीला सगळी आळी अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. अंगणात गेटपासून थोडं आत एक बेलाचं झाड. घर बांधलं तेव्हा अक्कांनीच लावलेलं. त्याची तीन पानं रोज सकाळी आप्पांच्या पूजेला जातात. गवत लावणाऱ्यांनी हे गवत बेलाच्या बुंध्याला अगदी गळ्याशी गुंडी लावावी तसं घट्ट आवळून बसवलं होतं. आणि बेलाच्या शेजारचा सांधा काही केल्या टिकत नव्हता. आम्ही चिकटवून यावं, थोड्याच दिवसांत तिथे टेंगूळ यावं आणि सांधा तोंड उघडून बसावा.

मी तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा आप्पा ओट्यावरच उभे होते.

"या कलेक्टर! झाला का तुमचा जिल्हा?"

"अजून मागणीच हाय, आप्पा."

"मग तवर आमच्या जिल्ह्यातलं एवढं टेंगूळ बसवा की. न्हाईतर एक करा, ते टेंगूळ तुमच्या जिल्ह्यात घ्या, आमची काय बी हरकत न्हाई."

खलीलभाई तोंड फिरवून हसले. मग आप्पा खरं बोलले. लेकीचा साखरपुडा याच अंगणात करायचा ठरला होता. सोयरे हैदराबादचे. बेलाच्या पुढेच मांडव आणि बैठक. "माणसं अडखळून पडायला नकोत. ह्या बारीला गवत बसलं तर ठीक. न्हाई बसलं तर मी झाडच काढून टाकतो. तसं बी ते वाळलंय. बघा की, एक पान न्हाई."

अक्का दारात आल्या. "उन्हाळ्यात बेल पानं टाकतोच. दरसाल टाकतो."

"दरसाल फांद्या वाळतात का?"

पायरी उतरून अक्का झाडापाशी गेल्या, नखाने एका डहाळीची साल खरवडली आणि डहाळी आप्पांच्या नाकासमोर धरली. सालीखाली हिरवं होतं. केसाएवढं, पण हिरवं.

आप्पा म्हणाले, "कलेक्टर, कामाला लागा."

आम्ही गवत उचललं. सगळ्या अंगणाखाली माती कोरडी, भेगाळलेली. बेलाजवळ मात्र ओली आणि टम्म फुगलेली. मी तापलो. हाताने ओली माती उचलली आणि भाषणच सुरू केलं. इथे घागरीसाठी रांगा लागतात, बायाबापड्या टँकरमागे पळतात, आणि या घरात प्लास्टिकच्या गवताला पाणी घातलं जातंय! हे सहन केलं जाणार नाही! माझा आवाज बहुधा शेजाऱ्यांपर्यंत गेला असावा, कारण समोरच्या गच्चीवर दोघंजण येऊन उभे राहिले.

अक्कांनी शांतपणे विचारलं, "झालं का, तम्मा?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या सीमेकडच्या घरांत कानडी असं सहज मिसळतं. अक्का मूळच्या आमच्या उदगीरकडच्या, हे मला त्या एका शब्दावरून कळलं.

"तांदूळ धुतलेलं पाणी हाय ते. डाळीचं, भाजीचं. फेकून द्यायचं ते घालते. गवताला न्हाई, बेलाला."

मग खलीलभाईंनी गवताची कड उलटी करून दाखवली. सांध्याच्या बाजूला सुरीने कापलेली एक फट होती, वरून लव झाकून घेतलेली. अक्कांनी विळीवर सरावलेल्या हाताने ती इतकी सरळ कापली होती की आमच्या कटरने कापलेली वाटावी. आम्ही चिकटवून जायचो आणि अक्का आमची पाठ वळली की पुन्हा कापायच्या.

"आम्हाला सांगायचं की, अक्का."

"तुला सांगितलं असतं तर तू पत्रक काढलं असतं."

गच्चीवरचे दोघं हसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

आता पेच समजून घ्या. अक्कांनी पाणी घालणं थांबवलं तर बेल जाणार. घातलं तर माती फुगणार, गवत उठणार आणि आप्पा झाड काढणार. दोन्हीकडून बेलच जात होता. आणि बेलासाठी ही बाई स्वतःच्याच नवऱ्याच्या अंगणात सुरी घेऊन चोरून हिंडत होती. साधा न्यायाचा प्रश्न होता. असल्या प्रश्नावर मी गप्प बसत नाही. पण घोषणा कुणाविरुद्ध द्यायची? मातीविरुद्ध?

खलीलभाई उकिडवे बसून विडी न पेटवता नुसती दातात धरून होते. ते म्हणाले, "ये मट्टी किसीकी नै सुनती. वरून पाणी दिलं तर वर फुगतेच. पाणी खाली न्यावं लागंल."

मग आम्ही तसं केलं. बुंध्याभोवती हातभर गवत गोल कापून काढलं. वरवरची काळी माती हलक्या हाताने, मुळं जपत खरवडली आणि मुरूम भरला. छिद्रं पाडलेले नळीचे तुकडे मुळांच्या बाजूने खोल उभे पुरले आणि त्यांत खडी भरली. आता पाणी नळीत घालायचं, म्हणजे ते वरच्या थराला न भिजवता खाली उतरेल. गोलाच्या कडेने विटा उभ्या लावल्या आणि गवताची कड विटांना भिडवून बसवली. दिसायला ते देवळासमोरच्या तुळशीच्या कट्ट्यासारखं झालं.

अक्कांनी विचारलं, "उठणार न्हाई ना आता?"

मी पत्रकात छातीठोक आश्वासनं लिहितो. इथे मला लिहिता येईना. म्हणालो, "साखरपुड्यापर्यंत उठणार न्हाई. पुढचं मातीला विचारा."

"आणि झाड जगंल?"

खलीलभाई म्हणाले, "पाणी पायजे अक्का. तांदळाच्या पाण्यानं आता भागायचं न्हाई. एकदा खालपर्यंत ओल गेली तर उठंल."

टँकरचं पाणी झाडाला घालायला आप्पांनी साफ नकार दिला, आणि मला मान्य करावं लागेल, दुष्काळात तो नकार बरोबर होता. माझ्याच पत्रकातलं वाक्य त्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं: 'आधी माणूस, मग मांडव!' वाक्य मांडवावर होतं, झाडावर नव्हतं. पण माझं वाक्य कुणाला पाठ आहे हे पहिल्यांदाच कळल्यामुळे मी वाद घातला नाही.

अक्का गप्प होत्या. त्या गप्प बसल्या की घरात काहीतरी ठरलेलं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन. "तम्मा, तुला बोर्ड लिहिता येतो का?"

मी गेलो. बेलाच्या विटांजवळ एक घडवंची, तिच्यावर पाण्याची घागर आणि तांब्या ठेवायची जागा केलेली. अक्कांचा बेत असा होता: सगळ्या पाहुण्यांनी इथे येऊन पाय धुवायचे, मगच गवतावर पाऊल टाकायचं. आल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी देणं ही आपल्याकडची रीत. दुष्काळात ती रीत सगळ्यांनीच बंद केली होती, आणि पाणी न देता पाहुण्याला आत घेताना घराघरातल्या बायांना कसं वाटत होतं हे कुठल्याही पत्रकात आलं नाही. माझ्याही नाही.

"अक्का, दुष्काळात पाय धुवायला पाणी? लोक काय म्हणतील?"

"वाया कुठं चाललंय? पाय धुतलेलं पाणी नळीत, नळीतलं बेलाला. तूच लिवलंय ना, वापरलेलं पाणी पुन्हा वापरा म्हणून? का नुसतं लिवतोस?"

तेवढ्यात आप्पा आले आणि प्रकार कळल्यावर हादरले. "पायाचं पाणी बेलाला? अगं, त्याचं पान मी लिंगावर ठेवतो!"

अक्का म्हणाल्या, "पहिले मठाचे महाराज पाय धुतील."

महाराजांच्या पायाचं पाणी या घरात तीर्थ म्हणून घेतात. ते बेलाला चालत नाही असं म्हणायची आप्पांची काय बिशाद! आणि महाराजांचं पाणी एकदा गेलं की मागून कुणाचं गेलं याची वाटणी कोण करणार? आजवर मी कितीतरी बैठका बघितल्या, पण विरोधी पक्षाला इतक्या थोड्या शब्दांत गप्प केलेलं बघितलं नाही.

मी बोर्ड लिहायला बसलो. 'समस्त पाहुणे मंडळींना जाहीर व नम्र आवाहन! दुष्काळाच्या भीषण पार्श्वभूमीवर, आपल्या थोर आदरातिथ्याच्या परंपरेचे पालन करीत...'

अक्कांनी वाचलं. "एवढं वाचस्तोवर जेवणं उरकतील. थोडकं लिव."

मी निम्मं केलं. त्यांनी मान हलवली. मी आणखी निम्मं केलं. शेवटी ब्रश बुडवून लिहिलं: 'पाय धुतल्याशिवाय गवतावर येऊ नये.'

"हाव," अक्का म्हणाल्या. "आता कुणाला बी कळंल."

साखरपुड्याच्या दिवशी मी आणि खलीलभाई कोपऱ्यात उभे होतो. आमंत्रण जेवणाचं होतं, पण डोळे सांध्यावर. पहिले महाराज आले. आप्पांनी स्वतः तांब्या ओतला. पाणी गटगट करत नळीत उतरलं आणि वर एक थेंब साचला नाही. खलीलभाईंनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. मग हैदराबादचे सोयरे. मग आळी. मग बाजार. बेलाला एकही पान नव्हतं, आणि त्या उघड्या झाडाखाली माणसं विजार वर करून रांगेत उभी होती. पाण्याच्या स्पर्शाने चेहरे निवत होते. नुसत्या अर्ध्या तांब्याने माणूस इतका सैल होतो हे मी विसरलोच होतो. ओल्या पायांनी ती मंडळी आमच्या गवतावर येत होती आणि म्हणत होती, "काय गार वाटतंय हो गवत!" गवताचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

मग गेटवर एकच गडबड झाली. मुंबईत वजन असलेले एक मोठे साहेब आले. आप्पांचे जुने स्नेही. याच साहेबांना आम्ही जिल्ह्याच्या मागणीचं निवेदन कितीदा दिलं असेल! ते हसतमुखाने घ्यायचे, मागच्या माणसाकडे द्यायचे आणि गाडीची काच वर जायची.

साहेब बुटांसकट आत निघाले होते. मागचा माणूस म्हणाला, "साहेबांचं तेवढं राहू द्या." अक्का तांब्या घेऊन उभ्याच. त्यांनी बोटाने नुसता बोर्ड दाखवला.

साहेबांनी बोर्ड वाचला. पूर्ण वाचला. मग वाकले, बुटाची नाडी सोडली, मोजे काढले आणि विटांवर पाय ठेवला.

"कुणी लिहिलंय हे?" पाय धुता धुता त्यांनी विचारलं. "एकदम स्पष्ट मागणी आहे."

आप्पांना ही संधी सोडवेना. कोपऱ्याकडे हात करून बाजारातल्या आवाजात म्हणाले, "ते बघा, आमचे कलेक्टर! जिल्हा न्हाई म्हणून सध्या गवत चिकटवायलेत!"

सगळा मांडव हसला. साहेबही हसले, आणि ओल्या पायांनी आत गेले. मी पुढे होऊन निवेदनाचं काहीतरी बोलणार होतो. खलीलभाईंनी सदऱ्याचं टोक धरून मागे ओढलं. "आज न्हाई. आज अक्काचा जिल्हा हाय."

साखरपुडा पार पडला. कुणी अडखळलं नाही. सांधा जागच्या जागी होता.

पुढच्या आठवड्यात आप्पांचा फोन. पलीकडे आवाज चढलेला.

"कलेक्टर, टेंगूळ आलंय!"

व्हायचंच होतं. एवढ्या मोठ्या पाहुणचाराचं पाणी आत गेल्यावर आमची माती गप्प बसणार होती का? मी म्हणालो, "येतो आप्पा. पण झाड काढू नका. मी आलो की आपण..."

"थांब, बोलू दे मला. टेंगूळ आलंय. पालवी बी आलीय. सकाळी तीन पानं पूजेला घेतली." मग जरा थांबून, कुरकुरत म्हणाले, "आता तक्रार कशाची करावी तेच कळंना. तू येऊन काय ते ठरव."

मी गेलो. टेंगूळ पहिल्याइतकं नव्हतं, पण होतं. आप्पांनी त्याच्यावरच खुर्ची मांडली होती. इथून गेटमधून कोण येतंय ते नीट दिसतं, म्हणाले. आम्ही सांधा तेवढा पुन्हा चिकटवला. खरं सांगायचं तर ते गवत आजही पूर्ण सपाट नाही. दर उन्हाळ्यात बसतं, दर पावसाळ्यात उठतं, आणि आम्ही जातो. दुसऱ्या कुठल्या अंगणात असं झालं असतं तर खलीलभाईंनी अन्नपाणी सोडलं असतं. इथे ते आधी वर झाडाकडे बघतात, मग खाली.

बाकी आमचं गवत ठिकठिकाणी हिरवंगार आहे आणि आमच्या माघारीही तसंच राहील, याचं वाईट वाटतं. त्याच्यावर पाखरू उतरत नाही. पुढेमागे हे सगळं उचलून कुठे टाकायचं, हा प्रश्न मी एका पत्रकात विचारलाय. उत्तर आलेलं नाही. जिल्हाही झालेला नाही. मागण्या चालू आहेत.

परवा अक्कांचा फोन होता. लेकीला मूल झालंय, बारशाला माणसं येणार आहेत. म्हणाल्या, "तम्मा, बोर्डाचा रंग उडालाय, अक्षरं दिसंनात. पुन्हा लिहून जा."

मी म्हणालो, सध्या निवेदनांची गडबड आहे, जरा मोकळा झालो की येतो.

"ते जिल्ह्याचं आटपल्यावर येतो म्हणशील तर पोरगं कालेजला जाईल," अक्का म्हणाल्या. "उद्याच ये."